तांबी

गावठी कुत्र्याला काही लागत नाही, असं आमच्या गंगापुरात आजही सर्रास म्हणतात. उरलंसुरलं टाकलं की त्याचं भागतं, ऊनपाऊस ते निभावून नेतं, दुखणंखुपणं त्याचं त्यालाच बरं होतं. रस्त्यावरची कुत्री किती लवकर मरतात हे कुणी बघत नाही, म्हणून हा समज टिकून आहे. आमची तांबी गावठीच होती. 2008 साली ती घरात आली आणि 2022 च्या हिवाळ्यात गेली. एवढं आयुष्य तिला तिच्या काटकपणाने दिलं, आणि त्याहून जास्त माझ्या आईच्या नेमाने दिलं.

लासूर रोडवर आमच्या वस्तीशेजारी कडब्याच्या गंजीखाली ती ज्येष्ठात जन्मली. विटकरी रंग, छातीवर पांढरा टिळा, उजवा कान ताठ आणि डावा अर्ध्यात मोडलेला. आईचं दूध सुटल्यावर वडिलांनी तिला घरी आणलं. पार्व्होची लस तेव्हा गावात मिळाली नाही. वडिलांनी ती औरंगाबादहून बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये आणली, कारण लस गरम झाली की तिच्यातला गुण जातो. पार्व्होने पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत ते हातचं जातं. तिच्यासोबत जन्मलेली दोन पिल्लं वस्तीवर तशीच गेली.

रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात. तेव्हा पोळा जवळ आला होता. आईने तीच खूण धरली. पोळ्याच्या आठवड्यात बैलांची शिंगं रंगवायची आणि तांबीला दवाखान्यात न्यायचं, हे दरवर्षी ठरून गेलं. जनावरांच्या दवाखान्यात गायी, म्हशी, शेळ्यांची रांग असायची आणि त्या रांगेत सुताच्या दोरीने बांधलेली तांबी. लोक म्हणायचे, "वहिनी, गावठी हाय ते, त्याला काय होतंय?" आई म्हणायची, "रोग काय जात विचारून येतो का?"

ती तीन-चार वर्षांची असताना एका उन्हाळ्यात गल्लीत परकं कुत्रं शिरलं, लाळ गाळत, तोल जात. तांबी दारात आडवी आली आणि तिच्या खांद्याला चावा बसला. आईने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून ती जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली. डॉक्टरांनी लशीचे डोस पुन्हा दिले. दरवर्षीची लस चुकली नव्हती म्हणून तांबी वाचली, आणि तांबीसोबत अंगणात खेळणारी आम्ही पोरंही वाचलो. जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पाश्चरने 1885 साली पहिल्यांदा ही लस दिली. आज ती तालुक्याच्या गावात मिळते, आणि तरीही माणसं रेबीजने मरतात, याचं दुःख वाटतं.

तांबीच्या जेवणाची आमच्या घरात एक शिस्त होती: आधी तिची भाकरी, मग फोडणी. पहिल्या लशीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मावशी, कालवण घालू नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा असो की शिजवलेला, सारखाच." लासूर स्टेशनला कांद्याचा मोठा बाजार भरतो, आमच्याकडे चाळीत कांदा, घरात कांदा आणि प्रत्येक रश्श्यात कांदा. अशा मुलखात ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. रस्सा ओतलेली भाकरी कुत्रं आवडीने खातं, आणि त्याचं रक्त पातळ होतंय हे महिनोन्महिने कळत नाही. हिरड्या पांढऱ्या पडतात तेव्हा उशीर झालेला असतो. द्राक्षं, मनुके आणि चॉकलेटही आई तिला चुकून मिळू देत नसे.

ज्वारीची भाकरी मात्र तिला छान मानवली. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, तर कुत्र्यात 4 ते 30. माणसाच्या चुलीपाशी हजारो वर्षं राहून कुत्र्याने आपलं धान्य पचवायची ताकद कमावली. पण नुसत्या भाकरीवर त्याचं अंग धरत नाही. म्हणून आई भाकरी कुस्करून तिच्यात उकडलेलं अंडं, शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर आणि वाटीभर ताक घालायची. मिठाचा खडाही नाही. रविवारी कोंबडी आणली की फोडणीआधी तिच्या वाट्याचे तुकडे साध्या पाण्यात उकडून बाजूला निघायचे, हाडं वेचून. शिजलेलं हाड सुईसारखं फुटतं आणि आतड्यात रुततं. निरसं दूध लहानपणीच बंद झालं, कारण मोठ्या कुत्र्यांना ते बहुधा पचत नाही. ताक पचतं.

नामदेवांची गोष्ट आई आम्हाला सांगायची: कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्या गोष्टीवर तिची श्रद्धा होती, पण तांबीच्या ताटात तूप चमचाभरच पडायचं. दर अमावस्येला ती तांबीच्या बरगड्यांवरून हात फिरवायची. बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये, हे तिचं माप होतं. पशुवैद्यही असाच हात फिरवून वजनाचा अंदाज घेतात.

2013 चा उन्हाळा आमच्याकडे कुणी विसरणार नाही. पाऊस दगा देऊन गेला होता, जायकवाडीचा साठा तळाला गेला होता, पाणी टँकरने यायचं. त्याही दिवसांत तांबीचं मातीचं परळ रिकामं राहिलं नाही. घरच्या हंड्यातलंच पाणी तिला मिळायचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकत ते अंग थंड करतं, आणि त्यासाठी पोटात पाणी लागतं. दुपारी तिच्यासाठी लिंबाखाली ओलं गोणपाट अंथरलेलं असायचं. फिरायला न्यायचं ते दिवस उगवायच्या आत. उन्हात डांबरावर हात टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर तिच्या तळव्यांनाही सोसत नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात तिला गोचीड ताप आला. गोठ्यातून गोचिड्या अंगावर चढायच्या, कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात बसायच्या, रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढ्या फुगायच्या. तांबीने खाणं सोडलं. आईने तिचा ओठ वर केला आणि हिरडी अंगठ्याने दाबून सोडली. निरोगी कुत्र्याच्या हिरडीचा गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परत येतो. तांबीची हिरडी आधीच फिकी होती आणि दाबल्यावर पांढरीच राहिली. रक्त तपासलं, डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा डोस सुरू झाला. एक वेळही न चुकता भाकरीच्या गोळीत औषधाची गोळी दडवून आईने तो पुरा केला. पुढे रोज संध्याकाळी तांबी आपणहून तिच्यासमोर आडवी व्हायची. आई चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि रॉकेलच्या डबीत टाकायची. गोठ्याच्या भेगाही चुन्याने बुजवल्या, कारण गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालते.

तिचं एक वेत झालं. चार पिल्लांना घरं शोधताना दमछाक झाली, तेव्हा वडिलांनी तिची नसबंदी करून घेतली. म्हातारपणी गर्भाशयात पू होऊन कुत्र्या दगावतात, तो धोकाही त्यामुळे टळला.

बाराव्या वर्षी ती पाणी फार पिऊ लागली, मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून भाकरीऐवजी मऊ भात आला, अंड्याचं पिवळं बंद झालं, पांढरं चालू राहिलं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं जेवण. त्यावर ती आणखी दोन वर्षं समाधानात जगली. शेवटच्या दिवसापर्यंत वडिलांची गाडी वळणावर आली की मोडका कान हलायचा. तिला आम्ही शेताच्या बांधावर पुरलं.

आई शिकलेली नव्हती, पैसाही बेताचाच होता. रोजचं अंडं, भोपळ्याची फोड, वर्षाची लस आणि संध्याकाळची पाच मिनिटं एवढ्यात तिने एक गावठी कुत्री चौदा वर्षं जगवली. तुमच्या दारात कुत्रं असेल तर त्याची शेवटची लस कधी झाली ते आजच आठवून बघा. आठवत नसेल तर त्याला उद्या सकाळी दवाखान्यात न्या. आणि आजच्या रात्री त्याच्या भाकरीवर रस्सा ओतू नका.