परतीच्या पट्ट्यावरची वाळू

पुण्याजवळच्या एका खडी क्रशरवर मी माल तपासणीचं काम करत असे. दगड आपल्याकडचा नेहमीचा, काळा बेसाल्ट. व्हीएसआय (व्हर्टिकल शाफ्ट इम्पॅक्टर) क्रशरमधून निघालेला माल चाळणीवर जायचा. जाळीतून खाली पडेल ती वाळू. वर राहील ती कच, परतीच्या पट्ट्यावरून पुन्हा क्रशरमध्ये.

पावसाळा लागला की वाळूतली डस्ट वाढायची. आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे अशा क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण १५ टक्क्यांपर्यंत चालतात. आमचा आकडा त्या मर्यादेला टेकायचा. गवंडी म्हणायचे, "साहेब, ही वाळू पाणी लई पिते." पाणी वाढलं की गिलाव्याला भेगा पडतात आणि काँक्रीटची ताकद घटते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

सगळे दोष देत होते खाणीतल्या मातीला. मी परतीच्या पट्ट्यावरचा माल घेतला, वाळवला आणि चाळून पाहिला. कचेबरोबर त्यात भरपूर तयार वाळू निघाली! खाली पडायची ती वाळू वरूनच पुढे जात होती, पुन्हा क्रशरमध्ये आपटत होती आणि तिचीच डस्ट होत होती.

कारण चाळणीत होतं. प्लास्टरची वाळू काढायला २.३६ मिलिमीटरची जाळी लावलेली. ओले कण तारेला आणि एकमेकांना चिकटतात, जाळी बुजते. साध्या चाळणीची अख्खी पेटी मिनिटाला साधारण ८०० ते १,००० वेळा मोठा हेलकावा घेते. खडीला तो मानवतो. बारीक माल मात्र उसळून छिद्रं ओलांडून जातो.

पुढे तिथे हाय-फ्रिक्वेन्सी स्क्रीन बसली. तिची पेटी जवळपास स्थिर राहते. व्हायब्रेटर थेट जाळीलाच खालून ठोके देतात, मिनिटाला ३,००० च्या वर, पण अगदी बारीक. पीठ चाळणीत अडकलं की आई चाळणीच्या कडेवर हाताने टपटप मारते, तसंच हे. मालाचा थर पातळ राहतो, बारीक कण तळाशी उतरतात आणि प्रत्येकाला छिद्र गाठायची संधी पुन्हापुन्हा मिळते.

हे यंत्र लाड मात्र करून घेतं. माल जाळीच्या पूर्ण रुंदीवर सारखा पडला पाहिजे. जाळी ताठ हवी. सैल पडली की ठोका जाळीतच जिरतो आणि तारा तुटतात. ताण तपासणं हे पाळीच्या सुरुवातीचं पहिलं काम झालं. यंत्राने सगळी डस्ट जात नाही; वाळूत उरलेल्या बारीक भुकटीसाठी धुलाई किंवा हवेचा झोत लागतोच. पण तयार वाळू पुन्हा दळली जाणं थांबलं, आणि धुवायची डस्टच कमी झाली. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या भागात पाण्याची ही बचत मोठी आहे.

म्हणून क्रशरवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वाळूत डस्ट वाढली की दगडाला बोल लावण्याआधी परतीच्या पट्ट्यावरचा माल चाळून पाहा. त्या वाळूवर कुणाच्या तरी घराच्या भिंती उभ्या राहणार आहेत.