रात्री चढणारं व्होल्टेज

लोणावळ्यात जुलैमध्ये भिंतींनाही पाणी सुटतं. अशाच एका रात्री साडेअकराला आप्पांच्या ॲम्प्लिफायरची डावी बाजू घरघरली आणि फ्यूज उडाला. १९७८ साली घेतलेला तो ॲम्प्लिफायर आप्पा गेल्यावरही आईने एक दिवस बंद ठेवला नव्हता.

झाकण काढलं. मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर धातूच्या चार टोप्या, २एन३०५५ ट्रान्झिस्टर. त्या काळी एनपीएनच्या तोडीचे पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर दुर्मीळ आणि महाग, म्हणून वरचा आणि खालचा दोन्ही एनपीएनच लावत. डावीकडचे दोन्ही शॉर्ट झाले होते.

त्याच नंबरची नवी जोडी मिळाली, मी लावली. सिरीजमध्ये ६० वॉटचा बल्ब ठेवून वीज दिली. बल्ब क्षणभर उजळून मंदावला. चार दिवस गाणं वाजलं. पाचव्या रात्री नवी जोडीही गेली.

त्यातला एक आणि आप्पांचा जळलेला एक मी करवतीने कापला. आप्पांच्या जळलेल्या ट्रान्झिस्टरमधला सिलिकॉनचा तुकडा मसुरीएवढा, नव्यातला तिळाएवढा! मालच खोटा, असं म्हणून मी दोन्ही घेऊन मळवलीला गेलो. तिथे एक काका चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करताहेत. त्यांनी दोन्ही तळहातावर ठेवून पाहिले.

"नवा खोटा, मान्य. पण आप्पांचा तर खरा होता ना? तो का गेला? रात्री व्होल्टेज किती चढतं, बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. त्या रात्री मीटर लावून बसलो. दिवसा २३० असलेला दाब अकरानंतर २५५ वर गेला. ॲम्प्लिफायरच्या आतला पुरवठा साधा, नियंत्रण नसलेला. दिवसाचे ५६ व्होल्ट रात्री ६२ होत होते. २एन३०५५ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ६० व्होल्ट. म्हणजे अस्सल माल आणला असता तरी रात्री आवाज टोकाला गेला, की तो मर्यादेला भिडलाच असता.

मग लोकलने पुणं, बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. आता मी नंबर जुळवत नव्हतो, वागणूक जुळवत होतो. हल्लीचे वेगवान ट्रान्झिस्टर कागदावर सरस दिसतात. पण जुनं सर्किट संथ सिलिकॉन धरून आखलेलं असतं. त्यात फार चपळ भाग घातला, तर ते कानाला न कळणाऱ्या वारंवारतेवर थरथरू लागतं आणि गाण्याविनाच तापतं. म्हणून २एन३७७३ घेतला: १४० व्होल्ट, १६ अँपिअर, १५० वॉट, भोकं तीच, चाल संथ. त्याचं प्रवर्धन थोडं कमी, पण घरातल्या आवाजाला पुरेसं. उजव्या बाजूलाही तेच धोक्याचं व्होल्टेज, म्हणून चारही बदलले. आप्पांचे दोन चांगले डबीत जपून ठेवले.

पॉवर ट्रान्झिस्टरांच्या आधीचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही दुसऱ्या वेळी जळला होता. त्याच्या जागी बीडी१३९. त्याचे पाय एमिटर-कलेक्टर-बेस या क्रमाने. ते स्लीव्ह घालून वळवावे लागले. पॉवर ट्रान्झिस्टरची टोपी म्हणजेच कलेक्टर, ती पट्टीला टेकू नये म्हणून अभ्रकाच्या चकत्याही नव्या घातल्या. दमट हवेत जुन्यांच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या.

रात्री बारा. आत ६२ व्होल्ट, दोन ट्रान्झिस्टरांच्या मधल्या बिंदूवर ३१. पट्टीवर तळहात ठेवला, कोमट लागली. तासाभरानंतरही तेवढीच.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "अरे, थोडा आवाज वाढव की."