कोयता खाली ठेवल्यावर

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या पालकसभेत आम्ही फजीत झालो. उर्दू-मराठी शिकवता शिकवता आरोग्यावर चार शब्द बोलण्याचे कामही आमच्याच गळ्यात पडते. समोर बसलेल्या आयांना आम्ही म्हणालो, "रोज अर्धा तास तरी व्यायाम म्हणून चालत जा." मागच्या रांगेत हशा पिकला. एक खाला उठून म्हणाल्या, "टीचर, हमारा तो सुबह से रात तक चलना-च है. और कितना चलें?"

त्या नुकत्याच कृष्णाकाठची ऊसतोड आटोपून माणला परतल्या होत्या. आमच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे घरी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, म्हणून खाडा परवडत नाही. पहाटे भाकऱ्या थापायच्या, दिवसभर फडात वाकून तोड, मोळ्या बांधणे, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पाणी, धुणे, मुले वेगळीच. अशा बाईला व्यायाम सांगणारे आम्ही कोण?

तरी मनात ते राहिले, कारण याच खाला सभेत बाकाला धरून उठल्या होत्या. मग थोडे वाचले. डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेयास होल्टरमन यांनी सहकाऱ्यांसह कामातले कष्ट आणि फुरसतीतला व्यायाम यांतला फरक बरीच वर्षे अभ्यासला आहे. फुरसतीतल्या व्यायामाने हृदयाला जो फायदा होतो, तो कामातल्या कष्टाने होताना दिसत नाही. कधी अपायच होतो. विचार केला तर पटते. व्यायाम थोडा वेळ असतो, आपल्या मर्जीचा असतो, दम लागला की थांबता येते. फडात तेच वाकणे तासन्‌तास, ओझे उचलताना रक्तदाब चढतो आणि उसंत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम हालचाल सांगितली. आमच्या आया ती दोन दिवसांत पार करतात, कंबर मात्र धरलेलीच. (फडात न जाणाऱ्या घरांतही "दिवसभर कामच करते की, वेगळा व्यायाम कशाला?" हे आपण ऐकतोच. आम्हीही म्हणत आलो.)

पुढच्या वेळी आम्ही सांगितले नाही, विचारले: एक तास फक्त तुमचा मिळाला तर काय कराल? उत्तर आले, "लेटेंगे."

तिथूनच सुरुवात केली. रविवारी असरनंतर वर्गात सतरंज्या अंथरल्या. पाठीवर पडायचे, एकेक गुडघा छातीशी घ्यायचा, खांदे सैल सोडायचे. ज्यांना पायात मुंग्या येत होत्या त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. पहिल्या दिवशी दोघी चक्क झोपल्या. आम्ही उठवले नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्या आपणहून फुगडीवर आल्या, मग पोरींच्या दोरीवर.

एका सासूबाईंनी हटकलेच, या वयात हे काय? त्यांना आम्ही हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यातल्या शर्यतीची हदीस आठवून दिली. त्या गप्प राहिल्या, पण पुढच्या रविवारी सून वेळेवर आली.

आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, हे इथल्या शाळकरी पोरींना पाठ आहे. तिच्या नावाने पोरी मैदानावर धावत होत्या, तेव्हा एका आईने चपला काढल्या, ओढणी खोचली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. धापा टाकत म्हणाली, "टीचर, सर पे कुछ नहीं था."

दिवाळीनंतर निम्म्या जणी पुन्हा तोडीला गेल्या. परवा खालांना फोन केला. व्यायाम चालू आहे का, हे विचारायलाही संकोच वाटत होता.

"जगह किधर है? कोपी में पाँव लंबे करे तो चूल्हा लगता," त्या म्हणाल्या. पण गाडीला उशीर झाला की त्या पाचटावर पोते टाकून आडव्या होतात, गुडघे छातीशी घेतात. शेजारच्या कोपीतल्या दोघींनाही शिकवले आहे. मुकादमाला वाटले, तिघी आजारी पडल्या.