कमांड नॉट फाउंड!

लिनक्सच्या काळ्या खिडकीत ही तीन शब्दांची पाटी पाहिली नाही असा कॉम्प्युटर किंवा आयटीचा माणूस आपल्या होस्टेलवर सापडायचा नाही. गंमत अशी, की पुष्कळदा कमांड मशीनवरच असते. ती कुठे शोधायची एवढंच शेलला ठाऊक नसतं. आपण मात्र लगेच सगळं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला धावतो.

माझ्या रूम पार्टनरच्या प्रोजेक्टचंच सांगतो. त्याचं सिम्युलेशन रोज रात्री दोनला आपोआप सुरू व्हावं म्हणून त्याने क्रॉनला काम लावलं. संध्याकाळी स्वतः चालवून पाहिलं, झकास चाललं. सकाळी बघतो तर निकालाची फाइल रिकामी आणि लॉगमध्ये ही पाटी. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. सबमिशन आठवड्यावर आलेलं, गाइड रोज ग्राफ मागणार. पार्टनर मराठी मीडियमचा, बारावीपर्यंत कॉम्प्युटर पाहिला तो शाळेच्या कुलूपबंद खोलीच्या खिडकीतून. चौथ्या दिवशी मेसमध्ये पोह्यांची प्लेट तशीच ठेवून म्हणाला, "जाऊ दे रे, हे आपल्यासारख्यांचं काम नाही."

मला त्या एररपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. कारण इथे हुशारीचा काही संबंधच नव्हता. शेल सुरू होताना कोणती फाइल वाचतो, हा साधा माहितीचा प्रश्न होता, आणि तो आपल्याला कुठल्याच ओरलला कुणी विचारत नाही.

तर ऐका. आपण कमांड टाइप केली की शेल 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिहिलेले फोल्डर एकामागून एक धुंडाळतो. जिथे पहिल्यांदा त्या नावाचा प्रोग्राम भेटेल तो चालवतो, कुठेच नाही भेटला तर हात वर करतो. पाथ हा एन्व्हायर्नमेंटचा भाग. ही सोय युनिक्समध्ये १९७९ च्या सातव्या आवृत्तीत, बोर्न शेलबरोबर आली. प्रत्येक नव्या प्रोसेसला पालक प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटची प्रत मिळते. प्रत हं, मूळ कागद नाही! सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पोराने कितीही खाडाखोड केली तरी तलाठ्याच्या दप्तरात काही बदलत नाही, तसंच हे. म्हणूनच स्क्रिप्टमध्ये एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल स्क्रिप्ट संपल्यावर आपल्या टर्मिनलमध्ये दिसत नाही. दिसायला हवं असेल तर ती स्क्रिप्ट 'सोर्स' करावी लागते, म्हणजे आपलाच शेल ती वाचतो, पोर जन्मालाच येत नाही.

आता ही मूळ प्रत भरतं कोण? बॅशपुरतं बोलू. लॉगिन करून आलात, म्हणजे एसएसएचने किंवा नुसत्या काळ्या कन्सोलवर, तर बॅश आधी सगळ्यांसाठीची ईटीसीमधली प्रोफाइल वाचतो. मग तुमच्या घरात डॉट बॅश-प्रोफाइल, डॉट बॅश-लॉगिन आणि डॉट प्रोफाइल या क्रमाने शोधतो आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. उरलेल्यांकडे ढुंकूनही बघत नाही. उबुंटूच्या डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडलीत तर तो लॉगिन शेल नसतो, तिथे डॉट बॅशआरसी वाचली जाते. (हे 'आरसी' म्हणजे रनकॉम. एमआयटीच्या सीटीएसएस सिस्टिमवर १९६० च्या दशकात लुई पुझाँ यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव. साठ वर्षं झाली, शेपूट अजून लटकतंय.) मॅकचं टर्मिनल मात्र मुळातच लॉगिन शेल उघडतं, आणि तिथे २०१९ पासून नव्या खात्यांना बॅशऐवजी झेडशेल मिळतो, म्हणजे फाइल्सची नावंच वेगळी. मॅकवाल्याने दिलेली ओळ उबुंटूवाल्याकडे चालली नाही तर दोघांनी भांडू नये.

आणि क्रॉन? तो यातलं काहीच वाचत नाही. ना प्रोफाइल, ना आरसी. डेबियन-उबुंटूवर तो साधा एसएच घेतो (उबुंटूत २००६ पासून तो बॅश नसून डॅश आहे) आणि पाथमध्ये जेमतेम दोन फोल्डर ठेवतो. पार्टनरचं सिम्युलेटर होतं त्याच्या होम फोल्डरमध्ये आणि पाथची ओळ होती डॉट बॅशआरसीत. रात्री दोनला ती ओळ वाचायला कुणी नव्हतंच!

हे शोधायला आम्ही काय केलं? क्रॉनकडूनच 'ईएनव्ही' कमांड चालवून तिचं उत्तर एका फाइलमध्ये घेतलं आणि टर्मिनलमधल्या उत्तराशेजारी ठेवलं. टर्मिनलच्या याद्यांनी स्क्रीन भरली, क्रॉनच्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. पार्टनर बघतच राहिला. मग क्रॉनटॅबच्या वरच्या ओळीत त्याने पूर्ण पाथ लिहिला. तिथे डॉलर-पाथ लिहून जुनी यादी ओढून आणता येत नाही, सगळे फोल्डर उघडपणे लिहावे लागतात. पाचव्या सकाळी फाइल भरलेली होती.

मधल्या काळात एका सीनियरने सल्ला दिला होता, की ती ओळ घरातल्या सगळ्या डॉट फाइल्समध्ये चिकटवून टाक. असले सल्ले आपल्याकडे बॅचमागून बॅच चालत येतात. क्रॉनचं दुखणं त्याने बरं झालंच नसतं. आणि एक फाइल दुसरीला सोर्स करत असेल तर पाथमध्ये तेच फोल्डर दोन-दोनदा येतं, शिवाय पुढे काही बदलायचं तर चार ठिकाणी बदला. माझ्या मते एन्व्हायर्नमेंटच्या ओळी प्रोफाइलमध्ये, एलियस आणि प्रॉम्प्टची सजावट आरसीत, आणि बॅश-प्रोफाइल ठेवलीच असेल तर तिच्यातून आरसीला एक हाक, एवढं पुरतं.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. ओळ लिहिताना जुना पाथ पुढे जोडायचा राहिला तर नव्या टर्मिनलमध्ये साधी एलएससुद्धा सापडत नाही. पोटात गोळा येतो. पण मशीन फॉरमॅट करू नका. सीडी, इको, एक्स्पोर्ट हे बॅशच्या पोटातलेच आहेत, त्यांना पाथ लागत नाही. एक्स्पोर्टने स्लॅश यूएसआर स्लॅश बिन आणि स्लॅश बिन हे दोन फोल्डर पाथमध्ये हाताने घाला, एडिटर उघडेल. मग फाइल दुरुस्त करा, आणि ती नव्या खिडकीत तपासेपर्यंत जुनी खिडकी बंद करू नका.