नाहीं म्हणजे कोठें नाहीं?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा नातू शेवगांवीं आला, तो अभ्यास बरोबर घेऊनच. पदविकेच्या वर्गांत तो जावा ही संगणकभाषा शिकतो. सन 1995 मध्यें सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें ती जगापुढें आणली. रात्रीचीं जेवणें आटोपलीं तरी स्वारी कपाळाला हात लावून यंत्रापुढें बसलेली! दुसऱ्या दिवशीं काम पाठवावयाचें होतें. जुनिट नांवाच्या तयार साधनानें त्याला आपला प्रोग्राम तपासावयाचा होता, आणि कम्पायलर पुनःपुन्हां सांगत होता कीं, असें पॅकेज अस्तित्वांतच नाहीं.

आम्ही पडलों जुने मास्तर. "लिहिण्यांत चूक असेल, सारें पहिल्यापासून शुद्ध लिहून काढ," असें आम्हीं फर्माविलें, आणि धांदरटपणाबद्दल चार शब्दही सुनावले. पोरानें निमूटपणें सर्व पुन्हां लिहिलें. चूक जागच्या जागीं!

दहाच्या सुमारास त्याची त्यालाच ती सांपडली. "आजोबा, लिहिण्यांत कांहींच चुकलें नव्हतें. मीं वाट चुकीची दिली होती."

कम्पायलरनें कोठकोठें शोधावें, हें सांगणारी यादी म्हणजे क्लासपाथ. नातवानें तींत नुसतें फोल्डरचें नांव घातलें होतें. परंतु जुनिटचा सारा माल एका गठ्ठ्यांत बांधलेला असतो. त्या गठ्ठ्यास जार म्हणतात. (या शब्दाचा संस्कृतांतील अर्थ कुटुंबांत सांगण्याजोगा नसल्यामुळें आम्ही अंमळ दचकलों.) फोल्डर सांगितलें तर त्यांतले सुटे वर्ग तेवढे कम्पायलर पाहतो, गठ्ठे सोडीत नाहीं. गठ्ठ्याचें नांवच द्यावें लागतें, किंवा 2006 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून फोल्डरच्या नांवापुढें तारांकन दिलें तरी चालतें.

नांव दिलें. पहिली तक्रार मिटली, तों दुसरी उभी राहिली: शेजारच्याच फाइलींत नातवानें स्वतः लिहिलेला वर्ग सांपडेना! कारण असें कीं, कोठलीच यादी नसेल तर कम्पायलर चालू फोल्डरांत पाहतो; यादी दिली कीं यादीबाहेर पाऊल टाकीत नाहीं. म्हणून चालू फोल्डराची खूण, म्हणजे एक टिंब, यादींत घालावें लागतें. दोन नांवांमध्यें विंडोजवर अर्धविराम आणि लिनक्सवर अपूर्णविराम. टिंब पडलें, आणि काम बिनतक्रार पार पडलें.

"तो खोटें बोलत नव्हता, आजोबा. पाठविलें तेथें नाहीं, एवढेंच सांगत होता."

हें ऐकून आम्हांस एकदम आमच्या वर्गांतला एक मुलगा आठवला. आपट्यांचा कोश आणावयास आम्हीं त्याला कपाटाकडे धाडलें होतें. तो परत येऊन म्हणाला, "गुरुजी, कोश नाहीं." आम्हीं त्याच्या थोबाडींत दिली. मागाहून कोश दुसऱ्या कपाटांत निघाला. तेथें तो आम्हींच ठेविला होता. मुलाला आम्ही तेव्हांही कांहीं बोललों नाहीं. मास्तरानें विद्यार्थ्याची क्षमा मागावी, ही कल्पनाच त्या काळीं आमच्या डोक्यांत नव्हती.

नातवाजवळ मात्र आम्हीं त्या रात्रीं आपली चूक कबूल केली. त्याला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. "झोपा आतां, आजोबा," एवढें बोलून त्यानें यंत्र मिटलें. आम्हांस झोप उशिरा लागली.