पितळ राखणारी रायफल

.308 विंचेस्टर काडतुसात दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला 62,000 पौंड आहे. एवढ्या दाबाने पितळी पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते, म्हणून वायू मागे येत नाही. दाब उतरला की ती किंचित आक्रसून मोकळी होते. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त या मिश्रणाला हे साधतं, आणि त्यामुळेच तीच पुंगळी पुन्हा भरता येते. मी धातुशास्त्राचा माणूस. अमेरिकेत ओहायोत राहतो आणि नेमबाजीसाठी काडतुसं स्वतः भरतो. प्रायमर, दारू आणि गोळी एकदाच कामी येतात. पुंगळी मात्र राखता येते, आणि चौघांत सहसा तीच महाग असते.

हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत दाब पूर्ण उतरल्यावरच चेंबर उघडतं. सेमी-ऑटोमॅटिक रायफल हे काम स्वतःच, काही मिलिसेकंदांत उरकते. नळीत दाब शिल्लक असताना बोल्ट सुटला, तर पुंगळीचं अंग भिंतीला चिकटलेलं असतं आणि एक्स्ट्रॅक्टर तिची कड मागे खेचत असतो. कड वाकते, कधी फाटते. म्हणून माझा निकष एकच: बोल्ट किती उशिरा आणि किती सावकाश उघडतो? वजन, किंमत, रूप हे सगळं त्यानंतर.

जर्मन जी-3 आणि तिची नागरी आवृत्ती एचके-91 या निकषावर नापास होतात. त्यांचा बोल्ट पूर्ण अडकतच नाही; दोन रोलर त्याला क्षणभर थोपवतात. पुंगळी चिकटू नये म्हणून चेंबरमध्ये उभ्या खाचा असतात आणि त्यांतून वायू पुंगळीच्या बाहेरून वाहतो. झाडलेली पुंगळी हातात घेऊन पाहा. मानेकडून खाली काजळीचे उभे पट्टे, आणि कुशीत बोट बसेल असा पोचा, कारण बाहेर पडताना ती रिसीव्हरवर आपटते. नंतर ती दूर गवतात जाऊन पडते. रबरी बफर लावला तर पोचा कमी होतो, खेच मात्र तशीच राहते. सैनिकी रायफल म्हणून मला तिच्याविषयी आदर आहे, पण पितळ राखायचं असेल त्याने ती घेऊ नये. एम-14ची नागरी बहीण एम1ए अचूक आहे, तरी तिच्या पुंगळ्या बरेच जण चार-पाच भरणांनंतर मोडीत काढतात. मीही तेच सांगेन.

.308 मध्ये माझी पसंती बेल्जियमच्या एफएन फालला. आपल्याकडे फौजेत आणि पोलिसांत वर्षानुवर्षं दिसलेली, ईशापूरला बनलेली एसएलआर याच घराण्यातली. फालचा गॅस रेग्युलेटर फिरवता येतो. तो पूर्ण उघडावा, मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडावं, आणि बोल्ट मागे अडकून राहू लागेपर्यंत एकेक खट बंद करत जावं. वर दोन खटी भरवशासाठी. गरजेपुरताच वायू मिळाल्यावर बोल्टचा आवेश उतरतो. तिचा बोल्ट मागच्या अंगाला टेकतो, त्यामुळे पुंगळी थोडी ताणली जाते, हा दोष मान्य करून मी हे म्हणतो.

.223 मध्ये यूजीन स्टोनरची एआर-15, पण कोणतीही नव्हे. आखूड कार्बाइन प्रकारात वायूचं छिद्र चेंबरपासून सुमारे 7 इंचांवर असतं. तिथे दाब जास्त असतो आणि बोल्ट लवकर हलतो. 20 इंची नळी आणि सुमारे 12 इंचांवरचं छिद्र घ्या. त्यावर कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक आणि जड बफर बसवा. डिफ्लेक्टरवर आपटून पडलेला बारीक पोचा पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या डायमध्ये सहज निघतो.

पुष्कळदा रायफलीवर खापर फुटतं ते काम डायने केलेलं असतं. पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे दाबला की दर बाराला ती ताणली जाते आणि तळाच्या जरा वर आतून पातळ होते. सेमी-ऑटोमॅटिकसाठी इंचाचे तीन-चार हजारांश पुरेत. पेपरक्लिपची तार सरळ करा, टोक आकड्यासारखं वाकवून घासा आणि पुंगळीच्या आत तळापासून वर ओढा. टोक खाचेत अडकलं तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका. तशीच भरली तर चेंबरमध्ये तुटेल, आणि सुटलेला वायू थेट तुमच्या चेहऱ्याजवळ येईल.

भारतात मोठ्या बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल प्रतिबंधित शस्त्रांत मोडते, तेव्हा हे सगळं अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांसाठी. जुनी रायफल घेत असाल तर विक्रेत्यासमोर रेंजवर एक मॅगझिन झाडा आणि पुंगळ्या स्वतः वेचा. कडा वाकलेल्या दिसल्या आणि गॅस कमी करायची सोय नसली, तर किंमत कितीही उतरवून दिली तरी ती रायफल घेऊ नका.