उंटापेक्षा मोठी कोंबडी

आमच्या घरी नाताळची सुरुवात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वाटीभर नाचणीने व्हायची. आई ती रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची. मोड दिसू लागले की आम्ही मुलं करवंट्यांत आणि डब्यांच्या झाकणांत वाडीतली माती भरून त्यावर ती पसरायचो. दोन दिवस वर ओलं गोणपाट, मग ऊन. येशूजन्माच्या देखाव्यात गोठ्यासमोरचं हिरवं कुरण ते हेच. सगळी मेख तारखेत होती. लवकर पेरलं तर ऐन नाताळात गवत लांबून आडवं पडायचं, उशीर झाला तर नुसते कोंब. बाबा हवा बघून तारीख ठरवायचे आणि ती हमखास थोडी चुकायची.

वसईच्या ख्रिस्ती घरांत गोठा बांधायला लागणारं बहुतेक सामान तेव्हा आवारातच मिळायचं. भाताची कापणी नुकतीच उरकलेली, त्यामुळे पेंढ्याला तोटा नाही. छपराला सुकलेली केळीची पानं, भिंतींना बांबूच्या कामट्या. बेथलेहेमचे डोंगर सिमेंटच्या गोणीच्या कागदाचे. तो चांगला चुरगळायचा, खळीत बुडवून पिळायचा आणि ओला असतानाच त्याला उभार द्यायचा. वाळला की त्यावर गेरू आणि चुलीची काजळी. खळीत आई चिमूटभर मोरचूद टाकायची, नाहीतर झुरळं डोंगर खातील. तळं म्हणजे फुटलेल्या आरशाचा तुकडा. कडा वाळूखाली झाकल्या की तो तळंच वाटायचा. पवित्र मरिया, योसेफ, देवदूत, तीन राजे एवढ्या मूर्ती बाजारातून आणलेल्या, बिस्किटांच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या. बाळयेशू मात्र आजीच्या कपाटात. तो चोवीस तारखेच्या रात्री मिस्सेहून परत आल्यावरच गव्हाणीत निजायचा.

आजीचा एक नियम होता. बाळयेशूला प्रत्येक नातवंडाने दरवर्षी एक जनावर द्यायचं, आणि तेही स्वतःच्या हाताने केलेलं. आम्हाला मिळणाऱ्या भेटी म्हणजे शिवलेला सदरा, विणलेली टोपी, काकाने कोरलेला भोवरा, म्हणजे हातच्याच. मग देतानाही तसंच. विहिरीजवळची चिकट माती आणून आम्ही मेंढ्या, बैल, उंट करायचो. पायांत आगपेटीच्या काड्या. भाजायची सोय नसल्यामुळे दोन-तीन वर्षांत एकेकाचे पाय गळायचे. मापाचा तर विचारच नव्हता. माझ्या चुलतबहिणीची कोंबडी राजांच्या उंटापेक्षा मोठी होती. कोंबडी मागे ठेव म्हणावं तर बहीण रडायची. म्हणून कोंबडी पुढे आणि मेल्खिओर राजा तिच्या शेपटीआड.

पुढे कधीतरी वाचनात आलं, की ज्या असिसीच्या संत फ्रान्सिसपासून गोठा मांडायची प्रथा रूढ झाली असं मानतात, त्याने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी एकही मूर्ती मांडली नव्हती. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्याने गावातल्या एका स्नेह्याला सांगितलं, गव्हाण आण, गवत आण, बैल आणि गाढव आणून उभे कर. तेवढ्यावर मिस्सा झाली, गावकरी मशाली घेऊन आले. गंमत म्हणजे मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत बैल नाही आणि गाढवही नाही. मग कोंबडीनेच काय पाप केलं? ग्रेच्चोलाच 2019 च्या डिसेंबरात सही केलेल्या आपल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनीही लिहिलं आहे, की शुभवर्तमानाशी वरवर काही संबंध नसलेल्या मूर्ती गोठ्यात ठेवायला मुलांना आवडतं, मोठ्यांनासुद्धा. ते मी चुलतबहिणीला फोन करून वाचून दाखवलं.

हल्ली कुणी ‘साधा नाताळ’ म्हटलं की मला थोडं हसू येतं. त्या नाताळात साधं काय होतं? कुलकुलच घ्या. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी कोऱ्या फणीवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत उचलायची, म्हणजे शिंपल्यासारखी रेघारेघांची वळी होते. सहा जण चटईवर बसले तर रात्री जेवणाआधी परात भरते. एकटीने बसायचं तर रात्र सरते. मग तळण, मग पाक, मग करंज्या. त्यानंतर शेजारपाजारी ताटं पोचवणं, ज्यांनी दिवाळीचा फराळ धाडला होता त्यांच्याकडे आधी. पैसा कमी लागायचा, पण माणसं मात्र पुष्कळ लागायची. आणि आईची कंबर त्या आठवड्यात हमखास धरायची, तेव्हा ती गोठ्यासमोर बसून जुन्या काळाचे गोडवे गायच्या मनःस्थितीत कधीच नसायची. सोपा नाताळ हा विकतचा. तो आम्हीही बरीच वर्षं केला.

वाडीची वाटणी झाली, तिघे तीन फ्लॅटमध्ये गेले, धाकटा भाऊ मस्कतला. गोठा थर्माकोलचा आला, वर चमकी मारलेला. नाचणीच्या जागी प्लास्टिकची हिरवळ. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, मग प्लायवूडचा घडीचा गोठा. भेटी मॉलमधल्या, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. एका वर्षी माझ्याकडे तीन घड्याळं जमली.

बदल झाला तोही काही मोठ्या विचारातून नाही. महामारीच्या वर्षी दुकानातली गर्दी नको म्हणून पुतणी म्हणाली, यंदा प्रत्येकाने काहीतरी करूनच द्यायचं. मोठ्यांची फजिती बघण्यासारखी होती. ज्याला हाताने काही येत नाही त्याने काय द्यावं? मेहुण्यांनी घरोघरच्या विळ्या, कोयते, सुऱ्या गोळा करून धार लावून आणल्या. भावाने मस्कतहून कबूल केलं की सुट्टीवर आल्यावर एक अख्खा दिवस तो आईला म्हणेल तिकडे फिरवेल, फोन घरी ठेवून. आईने तो दिवस पुरेपूर वसूल केला: दवाखाना, बँक, नंदाखालची बहीण, आणि परतताना आगाशीला सुकेळी.

तेव्हापासून पुन्हा काकीच्या ओटीवर गोठा बांधतो. सिमेंटच्या गोणीचा कागद आता मिळत नाही, खोक्यांचा वापरतो. त्याला तसा उभार येत नाही. मुलं मातीत हात घालायला आधी कचरतात, मग निघायला तयार नसतात. गेल्या खेपेला एकाने बेडकासारखं काहीतरी केलं, तो डायनासोर होता.

सगळ्यांत भारी भेट मात्र पुतणीची. काकीच्या कुलकुलांचं प्रमाण कुणालाच ठाऊक नाही. सगळं मुठीने, ओंजळीने आणि ‘पुरे वाटेपर्यंत’. पुतणी वजनकाटा घेऊन तिच्याशेजारी बसली. काकीने मूठ भरली की ती पातेल्यात पडायच्या आधी काट्यावर. नारळाचं दूध मापाच्या पेल्यातून. काकी वैतागली, दोनदा उठून गेली, तरी प्रमाण उतरलं. पुतणीने ते स्वच्छ अक्षरात वहीत लिहून, कापडी पुठ्ठा घालून, प्रत्येक घराला एकेक प्रत दिली. काकीलाही. काकीने चष्मा लावून पानभर वाचलं आणि पेन मागितलं. “एवढी साखर कोण घालतं गं?” म्हणत तिने आकडा खोडला, आणि मग खालचाही.